अक्रोडाचा सॉस आणि घरचा पास्ता: गोळा का होतो, तुरट का लागतो, तेल का सुटतं

मिक्सरमधून काढला तेव्हा मलईसारखा, पास्त्यात कालवला तेव्हाही ठीक, आणि ताट पुढ्यात येईपर्यंत गार पिठल्यासारखा गोळा. अक्रोडाच्या सॉसबद्दलची ही सगळ्यांत नेहमीची तक्रार. तिच्या मागोमाग आणखी दोन असतात: सॉस तुरट लागतो, नाहीतर ताटाच्या कडेला तेल सुटतं. बहुतेक जण मग क्रीमचं पाकीट फोडतात. सॉस सैल होतो खरा, पण अक्रोड कुठल्या कुठे जातो, आणि पौष्टिक म्हणून करायला घेतलेल्या पदार्थात उगाच वरचं फॅट येतं. अक्रोडात मुळातच शंभर ग्रॅमला जवळजवळ ६५ ग्रॅम फॅट असतं. स्निग्धपणाची कमतरता या सॉसला कधीच नसते. कमी पडतं ते पाणी.

सॉस आहे इटलीच्या वायव्य किनाऱ्यावरच्या लिगुरियाचा, जेनोवाच्या आसपासचा. तिथे त्याला साल्सा दि नोची म्हणतात. पालेभाजी भरलेल्या, पोट सुटल्यासारख्या दिसणाऱ्या पानसोतीवर तो घालतात, नक्षीचे ठसे मारलेल्या नाण्यासारख्या गोल कोर्झेत्तीवरही घालतात. तो मुळात खलात वाटायचा सॉस आहे. विस्तवाशी त्याचा संबंध नाही. म्हणजे आपल्या हिशेबाने ही चटणी झाली, ग्रेव्ही नव्हे. कढईत लसूण परतून, त्यात अक्रोडाची पेस्ट घालून, तेल सुटेपर्यंत परतायची सवय हाताला असते. पनीरच्या भाजीला ती चालते, इथे तीच नडते. पुढे दिलेले निम्मे बिघाड एवढ्या एका सवयीतून येतात.

आधी माप, म्हणजे पुढचं बोलणं हवेत राहणार नाही. चार माणसांच्या सॉसला सोललेले अक्रोड १०० ग्रॅम, पावाचा आतला मऊ भाग ३० ग्रॅम, दूध १०० मिली, किसलेलं पार्मेझान जातीचं चीज ४० ग्रॅम, चक्का दोन टेबलस्पून, ऑलिव्ह तेल दोन टेबलस्पून, लसणाची छोटी अर्धी पाकळी, मरव्याची दहा-बारा पानं, पाव चमचा मीठ. पास्त्याला बारीक बन्सी रवा २०० ग्रॅम, कणीक १०० ग्रॅम, कोमट पाणी १५० मिली. पास्ता उकळलेल्या पाण्यातलं दीडेक वाटी पाणी बाजूला काढून ठेवायचं. हा शेवटचा घटक पाककृतीत बहुधा लिहिलेलाच नसतो, आणि नेमका तोच विसरला जातो. एवढ्या मापात माणशी साधारण साडेपाचशे ते सहाशे कॅलरी आणि १७-१८ ग्रॅम प्रथिनं पडतात. सोबत काकडी-टोमॅटोची कोशिंबीर असली की जेवण झालं.

ताटात येईपर्यंत गोळा होतो

गोळा होण्याची कारणं दोन, आणि ती एकाच वेळी काम करत असतात.

पहिलं कारण पास्ता. घरचा ताजा पास्ता झाऱ्याने काढल्यावरही पाणी पीतच राहतो, त्यातून कणीक असेल तर जास्तच. सॉस भांड्यात बरोबर वाटला याचा अर्थ तो ताटात कमी पडणार. चकोल्यांचं वरण गॅसवरून उतरवताना सैल असतं आणि वाढेपर्यंत आळतं, तसाच प्रकार. म्हणून कालवताना सॉस हवा त्यापेक्षा स्पष्टपणे पातळ ठेवायचा, इतका की 'हे जरा जास्तच झालं' असं वाटायला हवं.

दुसरं कारण थोडं विचित्र आहे आणि त्यामुळेच लोक चुकीच्या बाजूला जातात. अक्रोड वाटले की त्यांचं तेल सुटतं आणि पेस्ट तेलात भिजलेली, वाहती होते. तिच्यात चमचाभर पाणी घाला: ती पातळ व्हायच्या ऐवजी एकदम घट्ट होते, फिकट पडते, चमच्याला गोळा धरते. ज्यांनी तिळाचं कूट पाण्यात कालवून पाहिलंय त्यांना हे ओळखीचं असेल. थोडंसं पाणी अक्रोडाच्या कणांना एकमेकांना चिकटवतं, आणि तेवढंच पाणी त्यांना मोकळं करायला पुरत नाही. इथे घाबरून हात थांबला, किंवा 'पाण्याने बिघडलं' म्हणून तेल ओतलं, की सॉस गेला. पाणी घालतच राहायचं. चमचा-चमचा घालत, प्रत्येक वेळी फेटत. चौथ्या-पाचव्या चमच्याच्या आसपास गोळा अचानक सैल होतो आणि चकचकीत, दुधाळ रंगावर येतो. तेल बाहेर आणि पाणी आत अशी जी रचना होती ती उलटते, आता तेलाचे बारीक थेंब पाण्यात तरंगत असतात. ही उलटापालट डोळ्यांना दिसते, आणि एकदा पाहिली की पुन्हा चूक होत नाही.

पाणी मात्र नळाचं नको. पास्ता शिजलेलं हवं, कारण त्यातला स्टार्च तेलाचे थेंब धरून ठेवतो. इटालियन नेम शंभर ग्रॅम पास्त्याला एक लिटर पाण्याचा आहे. या सॉससाठी तो मोडायला हरकत नाही: वरच्या मापाच्या पास्त्याला अडीच लिटर पुरे, म्हणजे पाणी दाट राहतं. आणि पाणी काढून घ्यायची वेळ म्हणजे पास्ता उपसायच्या मिनिटभर आधी. रोळीत पास्ता ओतून सगळं पाणी बेसिनमध्ये गेल्यावर आठवण येऊन काही उपयोग नाही. तसं झालंच तर वाटीभर गरम पाण्यात अर्धा चमचा रवा पाच मिनिटं उकळून गाळून घ्यावा. तोच गुण नसला तरी वेळ निभते.

कालवण्याची पद्धत अशी. गॅसवरची कढई नको, जाड बुडाचं मोठं भांडं किंवा खोलगट परात घ्या. त्यात उकळतं पाणी ओतून मिनिटभर ठेवा, फेकून द्या, पुसा. सॉस त्यात काढा. पास्त्याचं पाणी दोन मिनिटं निवू द्या आणि साधारण १२० ते १५० मिली पाणी थोडंथोडं फेटत घाला. इडलीच्या पिठापेक्षा सैल आणि कढीपेक्षा दाट, असा अंदाज. चमचा भांड्याच्या तळावरून ओढला तर मागे वाट पडावी आणि दोन मोजेपर्यंत ती बुजावी. बुजलीच नाही तर पाणी कमी आहे, वाट पडलीच नाही तर जास्त झालं. आता गरम पास्ता झाऱ्याने उचलून थेट सॉसमध्ये, फार निथळत न बसता. अर्धा मिनिट वरखाली करा, दोन चमचे पाणी शेवटी आणखी घाला, आणि वाढा. ताटं थंडगार असतील तर हे सगळं वाया जातं, कारण थंड चिनीमातीवर चीज लगेच आळतं. ताटंही गरम पाण्यातून काढून पुसून घ्यावीत.

तुरट, कडू की खवट?

'सॉस कडू झाला' एवढ्यावर उपाय सांगता येत नाही. सुदैवाने मराठीत या चवींना वेगवेगळे शब्द आहेत, आणि इथे निदान त्या शब्दांवरच चालतं. चमचाभर सॉस जिभेवर ठेवा आणि नीट ठरवा.

तुरट, म्हणजे कच्च्या सुपारीसारखं तोंड आवळतं, दातांमागे कोरडं वाटतं. हे अक्रोडाच्या दाण्यावरच्या पातळ तपकिरी सालीचं काम. सालीत टॅनिनं असतात आणि ती पाण्यात उतरतात. उकळत्या पाण्यात अक्रोड दोन मिनिटं ठेवा. पाणी कोऱ्या चहासारखं तांबूस होईल. ते फेकून द्यायचं. तुम्हाला जो तुरटपणा टोचत होता त्याचा मोठा भाग त्या पाण्याबरोबर गेलेला असतो. अक्रोड गरम असतानाच सुती पंच्यात गुंडाळून चोळले की सालीचे पापुद्रे सुटतात. खाचांमधली साल टाचणीने काढत बसायची गरज नाही. दोन तृतीयांश निघाली तरी चवीत फरक कळतो, आणि शंभर ग्रॅमला पंधरा-वीस मिनिटांच्या वर वेळ द्यावा असं हे काम नाही. थोडी साल राहिलेली बरीच असते, नाहीतर सॉस अगदीच बोथट लागतो. सोललेले दाणे पंख्याखाली पूर्ण कोरडे होऊ द्या. सॉस राखाडी किंवा किंचित जांभळट दिसत असेल तर तोही सालीचाच रंग. खायला त्यात वाईट काही नाही, दिसतो मात्र मळकट.

कडू, म्हणजे तुरटपणा नाही पण घशाशी कडवटपणा रेंगाळतो. इथे अक्रोडाला दोष देऊ नका, ऑलिव्ह तेल आणि लसूण तपासा. एक्स्ट्रा व्हर्जिन तेल मिक्सरच्या पात्याखाली जोरात फिरलं की त्याचे थेंब अतिशय बारीक होतात आणि त्यातले कडवट पॉलिफेनॉल जिभेला जास्त जाणवतात. तेच तेल चमच्याने कालवलं तर कडू लागत नाही. तेव्हा तेल मिक्सरमध्ये घालूच नये, सॉस भांड्यात काढल्यावर हाताने फेटून घालावं. लसणाचंही तसंच. कच्चा लसूण जितका बारीक वाटला जातो तितका उग्र होतो. आपला गावठी लसूण तर पाकळीने लहान आणि तोंडाने मोठा. इटालियन पाककृतीत 'एक पाकळी' लिहिलं असेल तर आपल्याकडची अर्धी घ्या, पण आधी अख्खी पाकळीच अक्रोडाच्या उकळत्या पाण्यात मिनिटभर सोडा, मग ती कापून मधला हिरवा कोंब काढा. अख्खी असतानाच उकळली की उग्रपणा तयार करणारं एन्झाइम निकामी होतं आणि वास फक्त गोडसर राहतो. वाटलेला लसूण उकळून हे साधत नाही, तोवर उशीर झालेला असतो.

खवट, म्हणजे जुन्या खोबऱ्याचा किंवा तेलरंगाच्या डब्याचा वास. यावर इलाज नाही. उकळून, भाजून, साखर-लिंबू घालून खवटपणा झाकला जात नाही, उलट गरम सॉसमध्ये तो वाढतो. अक्रोडातलं तेल बहुतांशी बहुअसंतृप्त असतं, पौष्टिकपणा त्याचाच आणि ते हवेत लवकर बिघडतं हेही त्याचंच. फोडलेला, तुकडे केलेला अक्रोड कवचातल्या अख्ख्यापेक्षा कितीतरी आधी खवटतो. दुकानातले तुकडे स्वस्त असतात खरे, पण या सॉसला फिकट रंगाचे अर्धे दाणे घ्या, दुकानातच एक मोडून खाऊन बघा, आणि घरी आणल्यावर हवाबंद डब्यात फ्रीजमध्ये ठेवा. मुंबई-कोकणच्या हवेत पावसाळ्यात कपाटातल्या बरणीवर भरवसा ठेवू नये. फ्रीजरमध्ये ठेवलेत तर अनेक महिने टिकतात आणि वाटताना लवकर गरमही होत नाहीत. त्याचा उपयोग पुढच्या तक्रारीत आहे.

तेल सुटलं, सॉस फाटला

आपले मिक्सर मसाला आणि ओली चटणी वाटायला केलेले. पाती वेगाने फिरतात, भांडं लगेच तापतं. सलग तीस-चाळीस सेकंद फिरवलं की अक्रोडाचं लोणी होतं आणि वर तेल येतं. दोन-तीन सेकंदांचे झटके द्या, दोन झटक्यांच्या मध्ये झाकण काढून कडा खरवडा. अक्रोड आधी वीस मिनिटं फ्रीजरमध्ये ठेवा. भांडं चटणीचं लहान घ्या, मोठ्यात शंभर ग्रॅम दाणे भिंतीला चिकटतात आणि पाती रिकामी फिरतात. सॉस गंधासारखा गुळगुळीत नको, अगदी बारीक रव्यासारखी कणी जिभेला लागायला हवी. खलबत्ता किंवा पाटा-वरवंटा असेल तर या सॉसला तो मिक्सरपेक्षा सरस आहे. वेळ दहा-बारा मिनिटं जास्त लागतो, पण तापण्याचा प्रश्नच येत नाही.

फाटण्याचं दुसरं कारण: पाव गाळला. 'पौष्टिक करायचंय तर पाव कशाला' म्हणून पाव वगळला जातो. तीस ग्रॅम पाव चार जणांत किती तो! पण दुधात भिजलेला पाव सॉसची बांधणी करतो, त्याचा स्टार्च तेल आणि दूध एकत्र धरतो. शिळा, साधा पाव घ्या. गोड बन किंवा दुधाचा ब्रेड नको, सॉस मिठाईकडे झुकतो. दूध दहा मिनिटं पावात मुरू द्या, पिळू नका, आणि वाटताना आधी पाव-दूध-लसूण फिरवून मग अक्रोड घाला. उलट क्रमाने केलं तर दाण्याचं लोणी आधी होतं आणि पाव नंतर लगद्यासारखा वेगळा राहतो.

तिसरं कारण विस्तव. चीज साधारण ६५-७० अंशांच्या पुढे गेलं की त्यातली प्रथिनं आकसून गुठळ्या होतात, चक्का तर त्याच्याही आधी फुटतो. म्हणून गॅस बंद, आणि पाणीही उकळतं न घालता जरा निवलेलं.

फाटलेला सॉस परत आणता येतो, जर फक्त तेल सुटलं असेल तर. स्वच्छ भांड्यात दोन टेबलस्पून गरम पास्त्याचं पाणी आणि भिजवलेल्या पावाचा छोटा गोळा फेटा, मग फाटलेला सॉस चमच्याने थोडाथोडा त्यात ओढा. चीजच्या रबरासारख्या गुठळ्या झाल्या असतील तर मात्र सोडून द्या. गाळणीने गाळून उरलेला सॉस सँडविचला लावायला बरा.

चीजबद्दल दोन शब्द. प्रोसेस्ड चीजचे क्यूब इथे चालत नाहीत. वितळून तार धरणं हेच त्यांचं काम, आणि अक्रोडाच्या पेस्टबरोबर ते डिंकासारखे होतात. कडक, जुनं, किसून भुगा होणारं चीज हवं. मूळ पार्मिजानो रेज्जानो वासराच्या पोटातून काढलेल्या, दूध साकळवणाऱ्या रेनेटने करतात, त्यामुळे शाकाहारी घरात भारतात बनलेलं, हिरव्या ठिपक्याचं पार्मेझान जातीचं चीज शोधावं. चक्का मात्र नुसता नाइलाजाचा पर्याय नव्हे: जेनोवाच्या सॉसमध्ये प्रेशिन्सोआ नावाचं आंबटसर, दही आणि ताज्या चीजच्या मधलं काहीतरी घालतात, आणि घट्ट बांधलेला, फार आंबट न झालेला चक्का त्याच्या बराच जवळ जातो. चक्का घातला की लिंबू पिळायचा मोह आवरा.

पास्ता विरतो, चिकटतो, नाहीतर चामड्यासारखा होतो

नुसत्या कणकेचा पास्ता विरतो यात कणकेची चूक नाही. चक्कीत दगडाच्या घर्षणाने स्टार्चचे कण फुटतात. ते जास्त पाणी धरतात, म्हणूनच पोळी मऊ राहते. तेच कण उकळत्या पाण्यात पटकन फुगून सुटतात आणि पृष्ठभाग चिकट होतो, वर कोंड्याचे तुकडे ग्लुटेनच्या जाळ्यात भोकं पाडतात. पास्त्याला ड्यूरम गव्हाचा रवा लागतो. आपल्याकडचा बन्सी रवा त्याच जातीच्या गव्हाचा. दुकानातला साधा उपम्याचा रवा घेऊन निकाल येत नाही, पाकिटावर बन्सी लिहिलेला बघून घ्या. तो बारीक नसेल तर मिक्सरमधून काढून मैद्याच्या चाळणीने चाळा.

खपली वापरायची इच्छा अनेकांना असते, आणि ती चुकीची नाही. इटलीत ज्या फार्रोचा पास्ता विकतात त्यातला मुख्य गहू आणि सांगली-साताऱ्याकडची खपली ही एकच जात. फक्त तिचं ग्लुटेन नाजूक असतं. कणकेच्या जागी १०० ग्रॅमपर्यंत खपली घाला, रवा कमी करू नका, आणि पीठ फार तिंबू नका, नाहीतर लाटताना कडा चिरतात.

पीठ किती घट्ट? पोळीच्या सवयीच्या हाताला ते चुकलेलंच वाटतं. शंकरपाळ्याच्या पिठाइतकं, बोट दाबलं तर कष्टाने खळगा पडेल इतकं. सुरुवातीला परातीत कोरडे तुकडे दिसतात आणि हात आपोआप पाण्याकडे जातो. आवरा. सात-आठ मिनिटं मळा, ओल्या फडक्याखाली चाळीस मिनिटं ठेवा. रवा तेवढ्या वेळात पाणी पितो आणि तोच गोळा लवचीक होतो. विश्रांतीनंतरही चिरा पडल्या तरच ओला हात फिरवा.

आकाराबद्दल. लिगुरियात रेक्को, सोरी, कामोल्यीच्या बाजूला ट्रोफिए वळतात: हरभऱ्याएवढी गोळी लाकडी पाटावर तळहाताच्या कडेने तिरकी ओढली की दोन्ही टोकं निमुळती आणि मधे पीळ. पाटावर पीठ भुरभुरायचं नाही, घसरलं की पीळ पडत नाही. ज्यांच्या घरी गव्हले-मालत्या वळल्या जातात त्यांच्या बोटांना हे शिकवावं लागणार नाही. पण साडेचारशे ग्रॅम मळलेल्या पिठाच्या चारशेहून जास्त गोळ्या होतात, तेव्हा मदतीला कुणी बसणार असेल तरच हे काढा. नाहीतर दीड मिलिमीटर जाड पोळी लाटून कातण्याने चकोल्यांसारखे चौकोन कापा. इटलीत अशा वेड्यावाकड्या कापलेल्या तुकड्यांना मालताल्याती हे रीतसर नाव आहे, त्यामुळे लाजायचं कारण नाही.

कापलेला पास्ता सुती फडक्यावर एकेरी पसरून वीस-तीस मिनिटं सुकू द्या. वरची कातडी कोरडी झाली की तुकडे एकमेकांना चिकटत नाहीत. दमट हवेत अर्ध्या तासाने काही फरक पडला नसेल तर ताट तसंच फ्रीजरमध्ये ठेवून गोठवा आणि गोठलेलाच पाण्यात सोडा. फ्रीजमध्ये रात्रभर ठेवू नका, कणकेचं ओलं पीठ काळवंडतं.

पाण्याला मीठ लिटरला सात-आठ ग्रॅम, कारण पुढे चीज खारट आहे. तेल नको: पाण्यातलं तेल पास्त्यावर बसतं आणि सॉस घसरतो. पास्ता दोन हप्त्यांत सोडा. एकदम सगळा ओतला तर उकळी बसते, आणि उकळी परत येईपर्यंतच्या त्या दोन मिनिटांत तुकड्यांचा लगदा होतो. पहिल्या अर्ध्या मिनिटात लाकडी चमच्याने एकदा तळापासून हलवा. तरंगला म्हणजे शिजला असं नाही, चौकोन दीड मिनिटात वर येतात आणि तीन-साडेतीनला शिजतात. ट्रोफिएला पाच ते सात मिनिटं. एक तुकडा सुरीने कापून बघा: मधे पांढरा ठिपका दिसतोय तोवर थांबा, ठिपका नुसती रेघ होऊन नाहीसा होत आला की काढा. काढल्यावर गार पाण्याखाली धुऊ नका, वरचा स्टार्च सॉसला धरून ठेवायला हवा असतो.

चामड्यासारखा झाला तर पोळी जाड होती किंवा पीठ पुरेसं मुरलं नव्हतं. जास्त शिजवून ते सुटत नाही, बाहेरून लगदा आणि आतून चिवट असं दोन्ही होऊन बसतं.

मरवा, आणि अक्रोडाऐवजी दुसरं काही

पाककृतीत मार्जोरम असतं आणि लोक ओरेगानोची पुडी फोडतात. सॉस पिझ्झाच्या दुकानासारखा लागतो. मार्जोरम म्हणजे आपला मरवा, गजऱ्यात माळतात तो. दवणा नव्हे, ती वेगळी वनस्पती. फुलवाल्याकडचा मरवा स्वयंपाकासाठी नसतो, त्यावर काय फवारलंय सांगता येत नाही. कुंडीत सहज येतो, तो वापरा, पानं हाताने चुरडून शेवटी घाला. मिक्सरमध्ये गेला तर सॉस हिरवट-मातकट होतो.

अक्रोड महाग पडतात म्हणून शेंगदाणे घेतले तर पाणी जास्त लागेल, साल चोळून काढा आणि जेमतेम भाजा. खमंग भाजलेत तर दाण्याची आमटी पास्त्यावर ओतल्यासारखं होतं. वाईट लागत नाही, पण तो वेगळा पदार्थ आहे. काजूचा सॉस तर गरम असेपर्यंत घट्टच होत राहतो, कारण काजूत स्टार्च बराच असतो. काजू साठ ग्रॅमच घ्या आणि पाव पूर्ण वगळा. बदाम चालतात, सोलून, फक्त वाटायला आणखी दोन झटके.

पाहुण्यांत कुणाला सुक्या मेव्याची ॲलर्जी आहे का हे आधी विचारायचं असतं, हेही इथेच सांगून ठेवलेलं बरं.

उरलेला सॉस, उरलेला पास्ता

सॉस करून ठेवायचा असेल तर चीज आणि चक्का न घालता ठेवा. काचेच्या बरणीत, वर तेलाचा पातळ थर, फ्रीजमध्ये दोन ते तीन दिवस, फ्रीजरमध्ये महिनाभर. कच्चा लसूण आणि दूध असलेला सॉस ओट्यावर ठेवू नका. बरणीच्या वरचा थर तपकिरी पडतो, तो ढवळला की निघून जातो, खवट वास आला तर मात्र बरणी रिकामी करा.

सॉस घातलेला पास्ता दुसऱ्या दिवशी विटेसारखा बसलेला असतो. तो तसाच मायक्रोवेव्हमध्ये घातला तर तेल सुटतं. पसरट पातेल्यात चार टेबलस्पून पाणी आणि एक दूध उकळायला ठेवा, गॅस अगदी बारीक करा, पास्ता त्यात पसरून झाकण ठेवा. तीन मिनिटांनी गॅस बंद करून आणखी दोन मिनिटं झाकलेलाच राहू द्या, मग हलवा. आधी हलवलात तर तुकडे मोडतात.